यंत्र बदलतें, परवान्याचें काय?

सन 2025 च्या ऑक्टोबर महिन्याच्या 14 तारखेस मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज 10' ह्या आपल्या संगणकप्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. तिच्या मागून आलेल्या 'विंडोज 11' ला जी सुरक्षेची विशिष्ट चिप आणि जो नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, ते अनेक जुन्या संगणकांत नसल्यामुळें कित्येक घरांत धडधाकट चालणारें यंत्रहि बदलण्याचा विचार सुरू झाला. नवें यंत्र घरीं आलें म्हणजे सर्वांचें लक्ष प्रथम छायाचित्रांकडे जातें. मुंजीचीं, लग्नाचीं, नातवंडांचीं छायाचित्रें, पत्रव्यवहार, बँकेचे उतारे हें सर्व एका दुपारींत नव्या यंत्रांत उतरतें आणि काम संपलें असें वाटतें. ज्या आज्ञावलीनें, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतल्या सॉफ्टवेअरनें, तें सर्व लिहिलें, मांडलें, जोडलें, ती आज्ञावली आणि ती वापरण्याचा परवाना हीं मात्र मागेंच राहतात. परवाना हा फाइलीसारखा उचलून नेतां येत नाहीं. आणि जुनें यंत्र एकदां भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलें कीं तो बहुधा कायमचा जातो. पैशाचें नुकसान तर होतेंच. पण त्याहून मोठें नुकसान असें कीं, त्या आज्ञावलीवांचून जें वाचतांच येत नाहीं असें घरचें लिखाणहि तिच्याबरोबर मुकें होतें. म्हणून ह्या विषयाचा थोडा खोलांत जाऊन विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपण दुकानांतून ज्ञानेश्वरीची प्रत विकत आणली म्हणजे ती प्रत आपली झाली. ती आपण लेकीला देऊं, ग्रंथालयास देऊं, वाटल्यास माळ्यावर टाकूं; प्रकाशक विचारावयास येत नाहीं. सॉफ्टवेअरचा डबा, त्यांतली तबकडी आणि पावती हातीं पडल्यावर हाहि त्याच जातीचा व्यवहार होय असें मनुष्यास साहजिकच वाटतें. परंतु तबकडीबरोबर जो बारीक अक्षरांचा करार येतो, व जो न वाचतांच आपण 'मान्य' ह्या शब्दावर बोट ठेवून मोकळे होतों, त्यांत बहुधा स्पष्ट लिहिलेलें असतें कीं, ही वस्तु विकलेली नाहीं, वापरावयास दिलेली आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं स्वत्व आणि भोग हे दोन पदार्थ किती कसोशीनें निराळे ठेवले आहेत! नुसत्या भोगाच्या जोरावर स्वत्व सिद्ध होतें कीं नाहीं, ह्याचा विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत केवढा ऊहापोह केला आहे! दुसऱ्याच्या आमराईंत वीस वर्षें आंबे खाल्ले एवढ्यावरून आमराई आपली होते काय? संगणकाच्या आज्ञावलीच्या बाबतींत आपण सारे आमराईंत मालकाच्या अनुमतीनें बसलेले लोक आहों, आणि अनुमति कोणास, किती दिवस व कोणत्या झाडाखालीं, हें मालकानें लिहून ठेविलें आहे.

ह्या प्रश्नावर जगांतील न्यायासनांचेंहि एकमत नाहीं. अमेरिकेंत एका गृहस्थानें 'ऑटोकॅड' ह्या रेखांकनाच्या आज्ञावलीच्या जुन्या प्रती डब्यासकट लिलावांत विकावयास काढल्या, तेव्हां सन 2010 मध्यें तेथील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, मूळ घेणारा हा मालक नसून केवळ परवानेदार होता, सबब त्यास त्या विकण्याचा अधिकारच नव्हता. पुढें दोनच वर्षांनीं, 3 जुलै 2012 रोजीं, युरोपीय संघाच्या न्यायालयानें ओरॅकल कंपनीच्या खटल्यांत जवळ जवळ उलट मत दिलें. कायमचा घेतलेला परवाना दुसऱ्यास विकतां येतो, मात्र विकणाऱ्यानें आपल्याजवळची प्रत आधीं निरुपयोगी केली पाहिजे, असें तें मत. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या पुढील सर्व विवेचनाचें सार तेंच आहे.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यांत सन 1984 च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयकृतींत जागा मिळाली. अभंग, कादंबरी आणि जमाखर्चाची आज्ञावली हीं एकाच पंक्तीस जेवावयास बसविलेलीं पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें होतें. पण कायद्याचें तर्कशास्त्र त्याच्या परीनें बरोबर आहे. ह्याच कायद्याच्या 52 व्या कलमांत एक सोयीची तरतूद आहे. जिच्याजवळ आज्ञावलीची रीतसर प्रत आहे अशा व्यक्तीस, ज्या कामासाठीं ती दिली त्या कामाकरितां, तसेंच हरवणें, मोडणें किंवा बिघडणें ह्यांपासून तात्पुरता बचाव म्हणून, तिची राखीव प्रत करून ठेवतां येते. तबकडीवर चरा पडण्यापूर्वीं तिची नक्कल करून ठेवणें हा अपराध नव्हे, हें पुष्कळ पापभीरु मंडळींस ठाऊक नसतें. मात्र कायदा राखीव प्रत ठेवूं देतो तरी ती प्रत नव्या यंत्रावर जागी करण्याची किल्ली कंपनीच्याच कमरेला राहते.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळूं. परवान्यांच्या मुख्य दोन जाती पडतात. एक यंत्राबरोबर आलेला आणि दुसरा सुटा विकत घेतलेला. विंडोज एक्सपी, व्हिस्टा व विंडोज 7 ह्यांच्या काळांत तयार संगणकाच्या अंगावर किंवा पोटाखालीं एक रंगीत चिठ्ठी चिकटविलेली असे, आणि तिच्यावर पांच पांच अक्षरांच्या पांच गटांत 25 अक्षरी प्रॉडक्ट की छापलेली असे. सन 2012 मध्यें विंडोज 8 आलें, तेव्हांपासून मोठे कारखानदार ती की यंत्राच्या मुख्य पाटीवरील चिपमध्येंच भरून ठेवूं लागले व चिठ्ठी दिसेनाशी झाली. हा परवाना त्या यंत्रापुरताच. वाडा विकला म्हणजे वाड्यांतली विहीर त्याबरोबर जाते, तसा तो जातो. ती चिठ्ठी हळुवार सोलून काढून नव्या यंत्रावर डकविणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या हस्तकौशल्याचें कौतुक करावें, एवढेंच. सुटा घेतलेला परवाना मात्र घरच्या भांड्यासारखा बिऱ्हाडाबरोबर नेतां येतो. अट एवढीच कीं, पहिल्या यंत्रावरून तो काढलेला असला पाहिजे.

आपल्या विंडोजचा परवाना कोणत्या जातीचा, हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. जुन्या यंत्रावर आज्ञा देण्याची जी काळी खिडकी उघडते, तींत एस, एल, एम, जी, आर हीं पांच रोमन अक्षरें सलग लिहावीं, एक जागा सोडून भागाकाराची तिरपी रेघ द्यावी व तिला लागून डी, एल, आय हीं तीन अक्षरें लिहावीं. क्षणभरानें एक चौकट उघडते. तींत 'ओईएम' असा शब्द दिसला तर परवाना तेथेंच राहणार; 'रिटेल' असा दिसला तर तो बहुधा नेतां येईल. बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, विंडोज 7 किंवा 8 वरून फुकट बढती मिळून झालेल्या विंडोज 10 वरहि 'रिटेल' हाच शब्द येतो; तेथें मूळचा परवाना यंत्राचा असेल तर बढतीहि यंत्राचीच समजावी. परवाना खरोखरच सुटा असल्यास डी, एल, आय ह्यांच्या जागीं यू, पी, के हीं अक्षरें लिहून जुन्या यंत्रांतील की काढून टाकावी आणि मग ती नव्या यंत्रास द्यावी. ज्यांनीं आपला परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशीं जोडून ठेविला असेल त्यांस नव्या यंत्रावर तेंच खातें उघडून यंत्र बदलल्याचें कळवितां येतें. हें जोडण्याचें काम जुनें यंत्र चालू असतांनाच करून ठेवावें.

ऑफिस ह्या लेखन-हिशेबाच्या संचांत तर आणखी बारकावे आहेत. ऑफिस 2010 हें दुकानांत दोन रूपांनीं मिळे. एक तबकडीसह डबा, दुसरें नुसतें की छापलेलें कार्ड. डब्याचा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेण्यास मोकळीक होती. कार्डाचा परवाना एकाच यंत्राचा. एकाच फळीवर, एकाच नांवाखालीं ठेवलेल्या ह्या दोन वस्तूंतला भेद किती गिऱ्हाइकांस कळला असेल! पुढें सन 2013 च्या आरंभीं ऑफिस 2013 आलें, तेव्हां सुट्या विकलेल्या प्रतीचा परवानाहि पहिल्या यंत्राशींच जखडलेला होता. ग्राहकांनीं ओरड केली आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत कंपनीनें अट बदलून 90 दिवसांतून एकदां यंत्र बदलण्याची परवानगी दिली. बारीक अक्षरें वाचणारे चार लोक निघाले तर काय होतें, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. देखभाल थांबली म्हणजे परवाना संपला असें नव्हे. ऑफिस 2010 ची देखभाल 13 ऑक्टोबर 2020 रोजीं थांबली, ऑफिस 2016 व 2019 ह्यांची 14 ऑक्टोबर 2025 रोजीं. नव्या दुरुस्त्या मिळत नाहींत, म्हणून इंटरनेटवर धोका वाढतो, हें खरें. पण कायमचा घेतलेला परवाना त्या तारखेस रद्द होत नाहीं. 'आतां हें चालावयाचें नाहीं' असें सांगून नवें गळ्यांत बांधणारे विक्रेते भेटतात. त्यांस हें वाक्य शांतपणें ऐकवावें.

यंत्र बदललें हें कंपनीस कळतें कसें, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक वाचकाच्या मनांत येईल. सन 2001 च्या ऑक्टोबरांत विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशनची पद्धति घरोघर पोंचली. साठ्याची तबकडी, स्मृति, प्रोसेसर, जाळ्याशीं जोडणारें कार्ड अशा 10 अवयवांच्या खुणा मिळून त्या यंत्राची ओळख ठरे. एखादा अवयव बदलला तर प्रणाली कानाडोळा करी. बरेच बदलले कीं हें यंत्रच दुसरें, असें ठरून पुन्हां परवानगी मागावी लागे. इंटरनेट नसेल त्यानें दूरध्वनीवर 50 अंकी आकडा सांगावा आणि उत्तरादाखल आलेला आकडा टंकावा, अशी त्या काळची रीत होती. अमरकोश पाठ केलेल्या मंडळींसहि तो 50 अंकी मंत्र जड जाई.

कांहीं आज्ञावलींत परवाना सोडून देण्याची रीतसर सोय असते, आणि ती आम्हांस सर्वांत सरळ वाटते. दुकानें, पतपेढ्या, देवस्थानें ह्यांचे हिशेब ज्या टॅली ह्या आज्ञावलींत लिहिले जातात, तींत 'सरेंडर लायसन्स' असें स्वतंत्र कलम आहे. जुन्या यंत्रावर तें निवडलें कीं परवाना कंपनीच्या दप्तरीं मोकळा होतो आणि नव्या यंत्रावर जागा करतां येतो. उघडण्याची किल्ली नोंदविलेल्या ई-मेल पत्त्यावर येते. पुष्कळ संस्थांची गाडी ह्या पत्त्यापाशींच अडते, कारण तो पत्ता कधीं काळीं नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा असतो. ॲडोबीच्या चित्रकामाच्या जुन्या आज्ञावलींतहि 'डीॲक्टिव्हेट' असा शब्द मदतीच्या यादींत असे.

दान म्हणजे काय, हें सांगतांना शास्त्रकार दोन गोष्टी मागतात. आधीं आपल्या स्वत्वाची निवृत्ति आणि मग दुसऱ्याच्या स्वत्वाची उत्पत्ति. हातावर पाणी सोडल्यावांचून दान पुरें होत नाहीं, आणि पाणी सोडावयास दाता जिवंत असावा लागतो. जुना संगणक उघडत आहे, पडद्यावर अक्षरें दिसत आहेत, तोंवरच त्याच्याकडून हें उदक सोडवून घ्यावें. तो निवर्तल्यावर कंपनीस पत्र लिहावें, पावती जोडावी व त्यांच्या कृपेची वाट पाहावी, एवढाच मार्ग उरतो. आणि पावती ज्यांच्याजवळ असते असे गृहस्थ थोडे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. घराणें मूळचें कोंकणांतलें, चार पिढ्यांपूर्वीं देशावर आलेलें. वडिलांनीं सेवानिवृत्तीनंतर अनेक वर्षें खपून कुलवृत्तांत सिद्ध केला. गांवोगांव पत्रें धाडिलीं, त्र्यंबकेश्वरीं जाऊन क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतून आजे-पणज्यांच्या सह्या उतरवून आणल्या, ज्या शाखांशीं दोन पिढ्या जाणें-येणें नव्हतें त्यांच्या घरीं जाऊन चहा घेतला. सर्व मजकूर एका जुन्या मराठी लेखनाच्या आज्ञावलींत ते स्वतः टंकीत. त्या आज्ञावलीचा परवाना कागदावर नव्हता. संगणकाच्या पाठीमागें खोंचलेल्या बोटभर लांबीच्या एका तुकड्यांत होता. ह्या तुकड्यास डोंगल म्हणतात. तो लावलेला असेल तरच आज्ञावली उघडे. छपाई 'पुढच्या वर्षीं' करावयाची होती, तों वडील वारले. मुलानें यथावकाश नवा संगणक घेतला, वडिलांच्या सर्व फाइली अत्यंत जपून उतरविल्या आणि जुनी पेटी पाठीमागच्या तुकड्यासह भंगारांत दिली.

पुढें वर्षश्राद्धाच्या सुमारास कुलवृत्तांत छापावा म्हणून फाइली उघडल्या, तों सर्वत्र रोमन अक्षरें, कंस आणि नाना चिन्हें. गोत्रप्रवरांच्या जागीं स्वल्पविरामांची रांग. मुलास वाटलें, फाइली नासल्या. वास्तविक त्या नासल्या नव्हत्या. युनिकोड ही सर्व लिप्यांची समाईक क्रमावलि सन 1991 मध्येंच प्रसिद्ध झाली व तींत देवनागरी होती. पण ती आपल्या घरच्या संगणकांत रुळेपर्यंत बरींच वर्षें लोटलीं. तोंपर्यंत मराठी छपाईचा सारा संसार श्रीलिपी, आकृति, आयएसएम अशा आज्ञावलींनीं चालविला, आणि त्यांचे ऋण मराठी मुद्रकानें विसरूं नये. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असत, आणि कोणता तुकडा कोणत्या घरांत हें प्रत्येक कर्ता आपल्या मनानें ठरवी. तो फॉन्ट असेल तर 'क' दिसतो. नसेल तर त्या घराचा मूळचा रोमन रहिवासी बाहेर डोकावतो. शेवटीं एका छापखान्यांत तोच फॉन्ट सांपडला, मजकूर वाचतां आला आणि रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीनें युनिकोडमध्यें आणतां आला. जोडाक्षरें व रफार पुष्कळ ठिकाणीं हातानें सुधारावे लागले. वंशवृक्षांचे तक्ते मात्र त्या लेखन-आज्ञावलीच्या स्वतःच्या घडणींत बांधलेले होते. तिच्यावांचून ते उघडले नाहींत. ते पुन्हां काढण्याचें काम सूनबाईंनीं हातीं घेतलें आहे, आणि सांगणारा माणूस नसल्यामुळें दोन शाखा कोठें जोडावयाच्या हें अजून ठरलेलें नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असें जुनें मराठी लिखाण असेल त्यांनीं जुन्या यंत्रावर, जुन्या आज्ञावलींतच तें एकदां उघडावें. एक प्रत युनिकोडमध्यें व एक पीडीएफ म्हणून काढावी, आणि मगच हात हलवावा. डोंगलाच्या परवान्याचा एक गुण असा कीं, तो तुकड्याबरोबर चालत जातो, कोणाची परवानगी लागत नाहीं. अडचण भोंकाची. जुने डोंगल छापयंत्राच्या रुंद, 25 टोंचण्यांच्या जागेंत बसत. ती जागा हल्लींच्या संगणकांस नसते. विक्रेता हयात असेल तर तो यूएसबीचा तुकडा बदलून देतो काय, हें आधीं विचारावें.

आणि कंपनीनेंच दप्तर बंद केलें तर? तसेंहि घडलें आहे. सन 2005 मध्यें निघालेल्या 'क्रिएटिव्ह सूट 2' ह्या संचास परवानगी देणारे आपले संगणक ॲडोबी कंपनीनें सन 2013 च्या सुमारास बंद केले. पण जुने परवानेदार उघडे पडूं नयेत म्हणून परवानगी न मागणारी प्रत त्यांच्यासाठीं ठेवली. हें सौजन्य होय. कराराचें बंधन होतें म्हणून केलेलें नव्हे, असें आम्ही समजतों. त्याच वर्षीं त्या कंपनीनें यापुढें नवे संच केवळ वर्गणीनें देण्याचें जाहीर केलें. वर्गणीच्या पद्धतींत स्थलांतराचा त्रास नाहीं, नव्या यंत्रावर आपलें नांव सांगितलें कीं झालें; पण भाडें थांबलें कीं बिऱ्हाड रस्त्यावर, हेंहि तितकेंच खरें.

अडचणींत सांपडलेल्या माणसास मग दोन-चारशें रुपयांत 'अस्सल की' विकणारे इंटरनेटवर भेटतात. अशा किल्ल्यांपैकीं पुष्कळ मोठ्या संस्थांस घाऊक दिलेल्या परवान्यांतून फुटलेल्या किंवा मोडीत निघालेल्या यंत्रांवरून उतरविलेल्या असतात. त्या लागतातहि. परंतु कुलुप उघडलें म्हणून घर आपलें झालें, असा न्याय आम्ही शाळेंत कधीं शिकविला नाहीं, आणि कंपनीनें ती की एके दिवशीं बाद केली तर दाद मागावयास जागाहि नाहीं. त्यापेक्षां घरगुती पत्रें, याद्या, हिशेब एवढेंच काम असेल तर लिबरऑफिससारखी मुक्त आज्ञावली घ्यावी. सन 2010 पासून ती चालू आहे, जुन्या वर्डच्या फाइली बहुतेक नीट उघडते, आणि तिच्या स्थलांतरास कोणाचें उदक लागत नाहीं. आमचें स्वतःचें सर्व लिखाण हल्लीं तींतच होतें.

जुनें यंत्र चालत असेल आणि घरांत जागा असेल तर त्यास लगेच बाहेर काढूं नये असेंच आमचें मत आहे. इंटरनेटची तार काढून घ्यावी आणि त्यास वानप्रस्थ द्यावा. वर्ष-सहा महिन्यांत कोठें तरी त्याच्या साक्षीची गरज पडतेच. घालवावयाचेंच ठरलें तर परवाने सोडविणें, लिखाण उतरविणें, नव्या यंत्रावर सर्व उघडून पाहणें, आणि सर्वांच्या शेवटीं साठ्याची तबकडी पुसणें, हा क्रम उलटा करूं नये. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून अमलांत आहेत. तेव्हां पेटी नोंदणी झालेल्या संस्थेस द्यावी व पोंच घ्यावी. आणि ती उचलून देण्यापूर्वीं तिच्या पाठीमागें एकदां हात फिरवून, तेथें एखादा तुकडा खोंचलेला राहिला नाहीं ना, हें पाहावें.